फिरत्या घरातले पाणी

आपल्या समाजातील तीर्थयात्रेची साधने गेल्या शंभर वर्षांत बदलत गेली आहेत. बैलगाडी गेली, आगगाडी आली; पुढे आचारी, भांडी आणि शिधा बरोबर घेऊन निघणाऱ्या यात्रा-बसगाड्या आल्या. आता त्यात कॅम्पर व्हॅनची भर पडली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि मुंबई-पुण्याकडे अशी वाहने भाड्याने मिळू लागली. इतर लोक ती हौसेसाठी घेतात. जैन कुटुंब ती घेते ते बहुधा स्वयंपाकघरासाठी. हॉटेलातील ताट नको, कंदमुळांची शंका नको, सूर्यास्तापूर्वी आपल्या हाताने चार पोळ्या लाटता याव्यात, एवढीच त्यामागची अपेक्षा असते. ओटा, शेगडी, झोपण्याच्या फळ्या, लहानसे शौचालय आणि हात धुवायला नळ, असे ते फिरते घर असते.

या घराचा जीव एका तळहाताएवढ्या पंपात असतो, हे मात्र भाड्याची पावती फाडताना कोणी सांगत नाही.

घरी आपण गच्चीवर टाकी बसवतो आणि पाणी आपल्या वजनाने खाली उतरते. व्हॅनमध्ये टाकी आसनाखाली असते आणि नळ तिच्यावर. म्हणून मधे १२ व्होल्टचा एक पंप बसवलेला असतो. त्यात लहानशी मोटार एक तिरकी चकती हलवते, ती चकती रबराचा पडदा आतबाहेर ढकलते आणि रबराच्याच इवल्या झडपांमुळे पाणी एका दिशेने पुढे सरकते. नळ उघडला की नळीतील दाब उतरतो, दाबाचा स्विच मोटार चालू करतो. नळ बंद केला की दाब चढून मोटार थांबते. पंपाच्या आधी पारदर्शक वाटीची एक बारीक जाळी असते. यंत्र साधे आहे. पण त्या झडपेखाली वाळूचा एक कण अडकला तरी मोटार गुरगुरत राहते आणि नळाला थेंब येत नाही.

आमच्या घरची पाच माणसे जानेवारीत अशा व्हॅनने मुंबईहून कारकळ आणि मूडबिद्रीकडे निघाली. कारकळची बाहुबलींची मूर्ती १४३२ सालची. ती पाहण्याची थोरल्या बंधूंची फार दिवसांची इच्छा होती. त्यांचे वय पंचाहत्तरीपुढचे, मधुमेहामुळे रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. वहिनींचे नियम कडक. गाळलेल्या पाण्याखेरीज पाणी नाही, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. एकाला शौचालयाचे पाणी हवे, दुसरीला मर्यादेचे पाणी हवे, आणि दोघांनाही हॉटेल नको. व्हॅन घेण्याचे कारण तेच होते.

पाणी गाळण्याचा विधी आपल्या घरांत माहीत असला तरी नव्या पिढीसाठी थोडे लिहितो, कारण पुढचा सारा मुद्दा त्यावर उभा आहे. दिगंबर परंपरेत गाळणे छत्तीस अंगुळे लांब, चोवीस अंगुळे रुंद, जाड विणीचे आणि दुहेरी केलेले सांगितले आहे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. लवंग वगैरेंनी प्रासुक केलेल्या पाण्याची दोन प्रहर आणि चांगले उकळलेल्याची २४ तास. श्वेतांबर परंपरेत उकळलेल्या पाण्याचा काळ ऋतूप्रमाणे बदलतो: पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. गाळण्यावर जे उरते ती जिवाणी. ती जिथून पाणी घेतले त्याच विहिरीत परत पोचवायची, तीही वरून फेकून नव्हे, तर बादली पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत उतरवून हळूच उलटी करून. त्यासाठी जुन्या घरांत तळाला कडी असलेली बादली असे.

आता व्हॅनच्या टाकीचा विचार करा. तिच्यात शंभर लिटर पाणी दोन-दोन दिवस राहते. भरताना कितीही जपून गाळले तरी पहिल्या ४८ मिनिटांनंतर ते शास्त्राच्या दृष्टीने गाळलेले पाणी उरत नाही. वहिनींनी हे निघण्याच्या आदल्या दिवशीच ओळखले आणि निवाडा देऊन टाकला: टाकीचे पाणी हातपायांना, भांड्यांच्या पहिल्या धुण्याला आणि शौचालयाला, पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी प्रत्येक मुक्कामी ताजे काढायचे, गाळायचे, उकळायचे आणि जिवाणी तिथेच सोडायची. व्हॅनच्या मालकाने मोठ्या अभिमानाने दाखवलेला स्वयंपाकाचा नळ त्यामुळे अर्ध्या कामातून बाद झाला. मला तेव्हा हे थोडे अवघड वाटले होते. सावर्ड्यात त्याचा उपयोग कळला.

सावर्डे हे चिपळूणच्या पुढे, कामथे घाट ओलांडल्यावर मुंबई-गोवा महामार्गावर लागणारे बाजारपेठेचे गाव. कोकण रेल्वेचे स्थानक आहे. गोविंदराव निकम यांच्या सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे आणि तेथील चित्रकला विद्यालयामुळे गावाचे नाव दूरवर गेले आहे. जवळच डेरवणची शिवसृष्टी आणि रुग्णालय आहे. खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा धंदा या टापूत जुना आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी हे गाव फक्त बसच्या खिडकीतून पाहिले असेल.

पंपाचा आवाज आदल्या संध्याकाळपासून बदलला होता. नळातून पाण्याऐवजी मधूनमधून हवा थुंकल्यासारखी येत होती. सावर्ड्यापाशी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, मोटार नुसतीच घरघरू लागली. चालकाने गाडी बाजाराच्या अलीकडे एका मोकळ्या जागेत सावलीला घेतली.

अशा वेळी पहिली घाई पंप बदलण्याची होते. ती करू नये. पंप चालतो आणि पाणी येत नाही, तेव्हा दोष बहुतेकदा पंपाच्या आधीच्या बाजूला असतो. टाकीत पाणी आहे का? होते. जाळीची वाटी उघडली. आत तांबड्या गाळाचा लगदा बसला होता आणि त्यात प्लॅस्टिकचे पांढरे कीस होते. टाकीला भोके पाडताना निघालेला तो कीस कोणी धुऊन काढला नव्हता. गाडी तयार झाली त्या दिवसापासून तो आत फिरत असणार. कोकणातील जांभ्या मातीचा बारीक गाळ त्याला येऊन मिळाला. जाळी धुतली. तरी पाणी येईना. मग टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीची क्लिप पाहिली. खड्ड्यांच्या रस्त्याने ती सैल झाली होती. या बाजूला नळी जराशी सैल असली तरी पाणी बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून ओल दिसत नाही आणि दोष लपून राहतो. क्लिप आवळली. पंपाने दोन घोट पाणी दिले आणि एकदम शांत झाला. फ्यूज उडाला होता.

चालकाने खिशातून तांब्याची तार काढली. असे करणारे लोक हुशार समजले जातात. पण फ्यूज उडाला म्हणजे तारेतून झेपेपेक्षा अधिक प्रवाह गेला. तिथे जाड तार घालणे म्हणजे लाकडी फळ्यांच्या आणि गॅसच्या टाकीच्या शेजारी ठिणगीची सोय करणे. योग्य मापाचा दुसरा फ्यूज घातला, तोही क्षणात गेला. तेव्हा कळले की पंपाचा पडदा फाटून पाणी मोटारीत उतरले आहे आणि ती जाम झाली आहे. आता बदलण्याशिवाय गत्यंतर नव्हते.

मालकाला दूरध्वनी केला. पंप मुंबईहून पाठवतो, दोन दिवसांत मिळेल, असे उत्तर आले. सूर्यास्त सव्वासहाला. वहिनींचे जेवण त्याआधी दोन घटका आटोपायचे, म्हणजे साडेपाचच्या आत. आणि त्यानंतर रात्र, बंधू आणि कोरडे शौचालय.

पहिला प्रश्न पंपाविना सुटला. जिथे गाडी उभी होती त्याच्या मागील घरी विहीर होती. घरच्या आजींनी, आम्ही गाळण्याचे कापड बरोबर आणले आहे हे पाहून, काही न विचारता रहाट मोकळा करून दिला. वहिनींनी पाणी काढले, गाळले, जिवाणी सावकाश विहिरीत उतरवली. त्या आजी हे सारे लक्ष देऊन पाहत होत्या. “आमच्यात पण पूर्वी कापड बांधायचे हंड्याला, पण परत आत सोडायचे हे नाही बघितले कधी,” असे म्हणाल्या. पाच वाजता भात आणि मुगाची आमटी तयार होती. टाकीतले पाणी स्वयंपाकाला चालत असते तर त्या घटकेला आमचा स्वयंपाक पंपाबरोबर अडला असता.

दुसऱ्या प्रश्नासाठी बाजारात जावे लागले. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात एक तरुण कारागीर भेटला. त्याने जुना पंप उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “काका, असा पंप इथे नाही मिळायचा. पण ह्याचा धाकटा भाऊ मिळेल. कृषी सेवा केंद्रात चला.”

जानेवारी हा कोकणात आंब्याच्या मोहोराचा महिना. मोहोरावरील तुडतुड्यांसाठी या दिवसांत बागांतून फवारणी चालते आणि कृषी सेवा केंद्रांत पाठीवरच्या बॅटरी-पंपांची रांग लागलेली असते. त्या फवारणी यंत्राच्या पोटात जो पंप असतो तोही १२ व्होल्टचा, पडद्याचा आणि दाबाच्या स्विचचाच. सुटा भाग म्हणून तो वेगळा मिळतो. व्हॅनचा मूळ पंप मिनिटाला दहा-बारा लिटर देतो, हा तीन-चार. मूळ पंपाला काही हजार रुपये पडतात. या पंपाचे बिल सहाशेच्या आत झाले. दुकानदाराने कोऱ्या खोक्यातून तो काढून दिला.

व्हॅनपाशी आल्यावर वहिनींनी खोक्यावरील चित्र पाहिले.

“भाऊजी, हा औषध मारायचा पंप ना?”

“वहिनी, नवा कोरा आहे,” मी म्हणालो. “थेंबसुद्धा लागलेला नाही.”

“तो लागला नसेल. पण औषध कोणाचे, तेवढे सांगा.”

महाराष्ट्रात सगळीकडे कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात. शब्द सवयीचा असल्याने आपण थांबत नाही, वहिनी थांबल्या. उपासकदशांग सूत्रात श्रावकाने वर्ज्य करावयाचे पंधरा धंदे, म्हणजे पंधरा कर्मादाने, सांगितली आहेत आणि हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्यांचे विवरण केले आहे. विषवाणिज्य हे त्यांतील एक. बँकेत असताना कृषी सेवा केंद्रांच्या कॅश क्रेडिटची कितीतरी प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली; मालकांच्या आडनावांत आपली आडनावे थोडी नव्हती. खत, बियाणे आणि औषध एकाच दुकानात, एकाच परवान्यांच्या फायलीत आणि एकाच ताळेबंदात येतात. त्यातील औषधाचा भाग वेगळा काढून दुकान चालवणारे जैन व्यापारी मी पाहिले आहेत, फार थोडे, आणि त्यांना गिऱ्हाईक टिकवणे कठीण गेलेलेही पाहिले आहे. बागायतदाराची बाजूही खोटी नाही. मोहोर गेला तर त्याचे वर्ष जाते. भाड्याने वाहने देणे हेही त्याच पंधरांच्या यादीत ‘भाटककर्म’ म्हणून आहे, हे आमच्या पुतण्याने तिथेच निदर्शनास आणले आणि त्या भाड्याच्या गाडीत बसून सगळे जण थोडा वेळ गप्प झाले.

निर्णय वहिनींनीच दिला. पंप विषाचा नाही, पंप पाण्याचा आहे. त्यातून काय जाईल हे आपल्या हाती आहे. मात्र या नळाचे पाणी कोणाच्या तोंडात जाणार नाही आणि भांड्यांनाही लागणार नाही. योगायोगाने तंत्राच्या दृष्टीनेही ते बरोबरच होते. फवारणीच्या पंपाचे रबर पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून बनवलेले नसते आणि कारखान्यातील चाचणीचे तेल त्यात असू शकते.

बसवण्याचे काम तासाभराचे. बॅटरीची तार आधी सोडली. टाकीचा तळाचा कॉक उघडून राहिलेले पाणी बादल्यांत काढले. ते शौचालयासाठी ठेवले. रिकाम्या टाकीत हात घालून कारागिराने ओल्या फडक्याने मूठभर कीस बाहेर काढला. मूळ नळ्या जाड, नव्या पंपाची तोंडे बारीक. मधे छोटे जोड घालून चार क्लिपांनी आवळले. पंपावर पाण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तो पाहिला. जाळी पुन्हा पंपाच्या आधी आणि या वेळी हाताला लागेल अशा जागी बसवली. पंपाखाली रबराचे तुकडे दिले, नाहीतर रात्री कोणी हात धुतला की सारी गाडी थरथरते. नवी मोटार कमी प्रवाह घेते, म्हणून फ्यूजही लहान घातला.

एक गोष्ट त्या कारागिराने आपणहून सांगितली. फवारणीच्या पंपाचा स्विच व्हॅनच्या पंपापेक्षा बराच जास्त दाब झाल्यावर बंद होतो. व्हॅनच्या प्लॅस्टिक नळ्यांना तो दाब सारखा सोसवणार नाही. म्हणून काम झाले की पंपाचे बटण बंद करायचे, नुसता नळ बंद करून भागायचे नाही. त्याने बटणाशेजारी खडूने ‘बंद करा’ असे लिहूनच ठेवले. मग टाकीत दोन बादल्या घालून पंप चालवला. सुरुवातीला हवा, मग फेस, मग धार. ते पहिले पाणी बाहेर सोडून दिले. सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून दहा मिनिटे थांबलो. कागद कुठे ओला होत नाही हे पाहिले. सूर्यास्त होऊन गेला होता. बंधूंना रात्री अडचण आली नाही.

पुढचे लिहिण्यासारखे आहे ते हिशेबाचे. मूळ पंपावर शंभर लिटरची टाकी आम्हाला दीड दिवस पुरली होती. सावर्ड्याच्या पंपावर तीच टाकी, तीच पाच माणसे, सव्वातीन दिवस पुरली. माणसे बदलली नव्हती, नियम बदलले नव्हते. मिनिटाला दहा लिटरची धार असताना अर्ध्या मिनिटाच्या हात धुण्याला पाच लिटर जातात. तीन-चार लिटरच्या धारेला दीड-दोन लिटर. हात दोन्हींनी सारखेच स्वच्छ होतात. अप्काय जीवांची दया आपण गाळण्याच्या कापडापाशी आठवतो आणि नळापाशी विसरतो, असे वहिनी कारकळला म्हणाल्या. मी एवढेच म्हणेन की निम्म्याहून अधिक पाणी वाचवणाऱ्या त्या पंपाची किंमत मूळ पंपाच्या काही अंशाने होती, आणि असा हिशेब नोकरीत क्वचितच पाहायला मिळाला.

परत आल्यावर मालकाशी बोलणे झाले. त्याने मूळ जातीचा नवा पंप बसवला, जाळी मात्र आम्ही सरकवलेल्या जागीच राहू दिली. टाकी धुऊन देण्याचे आणि दाब थोडा कमी ठेवण्याचेही कबूल केले. जमले नाही ते एकच. टाकी भरण्याचे तोंड बाहेरून जेमतेम तीन इंचांचे आहे. त्यावर छत्तीस अंगुळांचे दुहेरी कापड बसत नाही. आम्ही प्रवासात ते रबराने आवळून, मधे खोलगट करून, लहान तांब्याने पाणी ओतत होतो आणि टाकी भरायला पाऊण तास लागत असे. रुंद तोंडाचे झाकण बसवणे अवघड नाही, पण त्यासाठी आसन उचकटावे लागेल आणि गिऱ्हाइकांनी मागितल्याशिवाय तो खर्च करणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. ज्या कुटुंबांना येत्या काळात अशा गाडीने यात्रेला निघायचे असेल त्यांनी ॲडव्हान्स देण्यापूर्वी टाकीचे तोंड उघडून पाहावे, आत बोट फिरवून कीस लागतो का ते बघावे, आणि पंप कुठे आहे, तिथे हात पोचतो का, हे विचारावे.